मानेची गादी सरकली : ऑपरेशन करायचं की थांबायचं?

एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँकेची कागदपत्रं यांवर बोलते. आज मानेच्या दुखण्यावर बोलणार आहे. पण हा विषयसुद्धा गटातूनच आला, कर्जाच्या मागणीतून.

आमच्या एका गटातली ताई मागच्या हंगामात ऊसतोडीला गेली होती. तिला विचारूनच सांगते आहे, नाव मात्र सांगत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना तिचा पाय घसरला. मोळी सावरायला गेली आणि मानेला जोराचा हिसका बसला. त्या दिवशी विशेष काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मान वळेना. तिसऱ्या दिवसापासून खांद्यातून थेट अंगठ्यापर्यंत कळ आणि मुंग्या. खाडा पडू नये म्हणून आठ दिवस गोळ्या खाऊन ती फडात जात राहिली. शेवटी एका खासगी दवाखान्यात एमआरआय काढला. गादी सरकली आहे, नस दबली आहे, ऑपरेशन करा, दीड लाख लागतील, असं सांगण्यात आलं.

तिच्या नवऱ्याचा मला फोन आला. "ताई, गटातून ऐंशी हजार मिळतील का? ऑपरेशन झालं की पंधरा दिवसांत ती परत कामाला लागेल."

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. कारण सगळा निर्णय त्याच्यावरच उभा होता.

आधी गादी म्हणजे काय ते बघू. आपल्या मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. बाहेरून चिवट कडं आणि आत जेलीसारखा गर. वाकायला, वळायला, धक्का सोसायला ती उपयोगी पडते. वर्षानुवर्षं तीस-चाळीस किलोची मोळी, घमेलं नाहीतर पाण्याचा हंडा डोक्यावर असला की ताण मानेवर येतो. त्यात एखादा हिसका बसला की कडं फाटून आतला गर बाहेर येऊ शकतो. शेजारूनच हाताकडे जाणारी नस निघते. गर तिला टेकला की मान राहते बाजूला आणि कळ हातात उतरते. कोणती नस दबली त्यावर अंगठा बधिर होणार की मधलं बोट, हे ठरतं.

आता महत्त्वाची गोष्ट. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर हळूहळू शोषून घेतं आणि नसेची सूज उतरते. म्हणून बहुतेक जणींना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बराच आराम पडतो. आणखी एक ध्यानात ठेवा. ज्यांना काहीच त्रास नाही अशा माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या दिसतात, वय वाढेल तशा जास्त. म्हणून नुसता फोटो बघून निर्णय होत नाही. फोटो, तुमचा त्रास आणि डॉक्टरांनी हात-पाय तपासून काढलेला निष्कर्ष, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

पण काही खुणा दिसल्या तर अजिबात थांबायचं नाही. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, भाकरी थापताना हात चालत नसेल, ब्लाउजचं हुक लावता येत नसेल, हातातून भांडं सुटत असेल. चालताना तोल जात असेल, पाय जड किंवा ताठ वाटत असतील. लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल. उंचावरून पडल्यानंतर मान दुखत असेल. किंवा दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, कधी टीबी किंवा कॅन्सर झालेला असेल. यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. पाय आणि लघवीच्या खुणा दिसल्या तर मेंदूतून खाली उतरणारा मुख्य मज्जारज्जू दबलेला असू शकतो. तिथे ऑपरेशन लवकर करावं लागतं, कारण गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.

माझ्या सख्ख्या मावशीचं असंच झालं. हातातून तांब्या निसटायचा आणि आम्ही म्हणायचो, अशक्तपणा आहे. सहा महिने गेले. ऑपरेशन झालं, चालणं सुधारलं, पण उजव्या हाताची पकड आजही आली नाही. आम्ही तिला वेळेवर नेलं नाही ही बोच मला आहे, म्हणून या खुणा पुन्हा पुन्हा सांगते.

अशी खूण नसेल तर पहिले काही आठवडे काय करायचं? ओझं पूर्ण बंद. पण अंथरुणाला खिळून राहायचं नाही, घरात हिंडत-फिरत राहायचं. दुखणं कमी करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितली तितकेच दिवस घ्यायची. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने महिना-महिना घेतली तर पोट आणि किडनीला इजा होऊ शकते. पट्टा दिला असेल तर थोडे दिवस, कायमचा नको. कळ ओसरू लागली की फिजिओथेरपीचा व्यायाम शिकून घरी रोज करायचा. आणि कुणाकडूनही मान मोडून घ्यायची नाही, झटका देऊन गादी बसवून घ्यायची नाही. नस आधीच दबलेली असते, झटक्याने ती कायमची दुखावू शकते.

इतकं करूनही दोन-तीन महिन्यांत हाताची कळ हटत नसेल, रात्रीची झोप लागत नसेल, तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा. बहुतेक वेळा गळ्याच्या पुढच्या बाजूने छोटी चीर देऊन खराब गादी काढतात आणि तिथे हाडाचा तुकडा किंवा लहान पिंजरा बसवून दोन मणके जोडतात. हाताची कळ यात लवकर थांबते, हा मोठा फायदा. नुसतीच मान दुखत असेल तर मात्र तितकी खात्री नसते. काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. जंतुसंसर्ग किंवा नसेला इजा हे धोके कमी असले तरी आहेत. ज्यांना घाईची खूण नव्हती अशांपैकी ऑपरेशन केलेल्या आणि व्यायामावर राहिलेल्या लोकांमधला फरक वर्ष-दोन वर्षांत बराच कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

म्हणून डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. माझ्या हाताची ताकद कमी झाली आहे का? तीन महिने थांबले तर काय बिघडेल? ऑपरेशनने कळ जाईल, बधिरपणा जाईल, की दोन्ही? धोके कोणते? आणि त्यानंतर ओझं कधी उचलता येईल, येईल तरी का? प्रश्न कागदावर लिहून न्या, सोबत एक मैत्रीण न्या. घाईची खूण नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात दुसरं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आमच्या ताईने हेच केलं. सरकारी दवाखान्यात हात तपासला, ताकद शाबूत होती. पाचव्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तिचा नवरा गप्प झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा की करू नका, तीन महिने डोक्यावर ओझं नाही म्हणजे नाही. पंधरा दिवसांत फडात, हा हिशेबच चुकीचा होता.

तायांनो, हा हिशेब आपल्याला नवा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचा त्रास नको, खाडा नको, हे कारण तेव्हाही अनेकींच्या तोंडी होतं. हंगाम वाचवायला शरीर कापायचं, हे आपण थांबवलं पाहिजे.

मग गटाची बैठक झाली. दीड तास चर्चा चालली. एकजण म्हणाली, आजाराला कर्ज देतो, घरी बसायला कसं द्यायचं? तेव्हा आमच्या अध्यक्ष मावशी म्हणाल्या, "तिचं औषधच घरी बसणं आहे." अठरा हजार मंजूर झाले, तीन महिन्यांचा किराणा आणि फिजिओथेरपीच्या फेऱ्यांसाठी. ऐंशी हजारांचं कर्ज टळलं.

पैशाच्या तीन गोष्टी लिहून घ्या. ऑपरेशन ठरलंच तर अनामत भरण्याआधी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेचा फोन १५५३८८. दुसरं, पहिल्याच दिवशी केसपेपरवर 'कामावर इजा' असं लिहून घ्या, तारीख, जागा आणि कसं झालं ते सुद्धा. कामावरच्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. पण कागद नसेल तर बोलता येत नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. तिसरं, बँकेतला वीस रुपयांचा अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, दवाखान्याच्या बिलासाठी नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

आज ती ताई कशी आहे? हाताची कळ गेली. अंगठ्याचं टोक अजून थोडं बधिर आहे. डोक्यावर मोळी घेणं तिने सोडलं आहे. आमच्याच दुसऱ्या गटातल्या एकीने मात्र तीन महिने वाट पाहून ऑपरेशन करून घेतलं, तीही बरी आहे. दोघींचे निर्णय वेगळे, पण दोघींनी विचारून, समजून घेतले.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. कुणाच्या हाताला मुंग्या येतात, कुणाच्या हातातून भांडं सुटतं, एकमेकींना विचारा. सांगायला लाजणारी एक तरी निघेलच. तिला एकटीला दवाखान्यात पाठवू नका, सोबत जा. येते मी. नमस्कार.