छावणी उठते तेव्हा

शहाड स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसते 'उल्हासनगर' सांगून भागत नाही. तो विचारतो, "कॅम्प नंबर?" एक म्हणा, पाच म्हणा, नंबर हवाच. लग्नाच्या खरेदीला, फर्निचर बघायला वर्षानुवर्षे येणाऱ्यांनाही हा कॅम्प मुळात कुणाचा, हे ठाऊक असतेच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे लष्करी छावणी उभारली. युद्ध संपले, छावणी उठली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी त्याच बराकींत संसार थाटले. 1949 साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडचा 'कॅम्प' काही गेला नाही.

सीमेवर तणाव वाढला की 'सैन्य वाढवावे का?' हा वाद घरोघर चहाबरोबर रंगतो. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: वाढवावे! मला मात्र अशा वेळी हा कॅम्प आठवतो. 1939 साली सुमारे दोन लाखांच्या घरात असलेले हिंदी सैन्य 1945 पर्यंत 25 लाखांवर गेले, तेही सक्तीच्या भरतीशिवाय. युद्ध थांबताच त्यांतल्या लाखो जवानांना गणवेश उतरवून गावची वाट धरावी लागली.

आपल्याकडचेच एक उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाला लष्कराचे दार बंद झाले होते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, 1917 साली, 111वी महार पलटण उभी राहिली. शांतता झाली आणि 1921 मध्ये ती मोडीतही निघाली! पुढे दुसरे युद्ध पेटले, डॉ. आंबेडकरांनी पाठपुरावा केला आणि 1941 साली बेळगावात महार रेजिमेंट उभारली गेली. ती आज दिमाखाने उभी आहे. पण मधली वीस वर्षे? शेवटी आत घेतलेल्याला सर्वांत आधी बाहेर काढले जाते, हे त्या माणसांनी सोसले.

आकड्यांचा खेळ स्वतंत्र भारतातही झाला. 1998 साली पैसा वाचवून शस्त्रे घेण्यासाठी लष्करप्रमुख जनरल मलिक यांनी 50 हजार जवान कमी करण्याचे ठरवले. पुढच्याच वर्षी कारगिल घडले. उलट चीनने 2015 मध्ये तीन लाख सैनिक कमी करण्याची घोषणा केली, म्हणून तो दुबळा झाला असे कुणी म्हणेल काय? मे 2025 मध्ये आपण पाहिले ते ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचे युद्ध होते. तरीही हिमालयातल्या चौकीवर शेवटी माणूसच उभा राहतो, हेही खरे.

मग अडते कुठे? पैशाशी. 2024-25 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6 लाख 21 हजार कोटी होते; त्यांतले 1 लाख 41 हजार कोटी निव्वळ पेन्शनचे. ही उधळपट्टी नव्हे, देणे आहे. हे देणे आटोक्यात ठेवण्यासाठी 2022 मध्ये 'अग्निपथ' आली, असे अनेक जाणकार मानतात. चार वर्षांची नोकरी, शंभरातले 25 कायम. उरलेल्यांच्या हाती पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम, पेन्शन नाही. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत, हे नमूद केले पाहिजे.

माझे मत विचाराल तर मंजूर संख्या वाढवण्याची घाई नको. 2022 साली लष्करात लाखाहून अधिक जागा रिकाम्या असल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले होते; आधी रिकाम्या जागा भराव्यात. आणि ज्याला घ्यायचे, त्याच्या पंचविशीनंतरचा हिशेबही त्याच दिवशी मांडावा.

आमच्या चाळीतला एक मुलगा सध्या भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला उठून 1600 मीटर धावतो, घामाघूम होऊन परततो. परवा त्याची आई जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, तुम्ही पेपरात लिहिता ना? चार वर्षांनी याचं काय, तेवढं विचारून सांगा." मी म्हटले, विचारतो. वर तो मुलगा दुसऱ्या दिवशीच्या गजराची किल्ली देत होता.