जुन्या कपाटांत नवी कला

संग्रहालयाचा संचालक म्हणजे किल्ल्या सांभाळणारा मोठा अधिकारी, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. नोंदवही चोख ठेवावी, कपाटं पुसून घ्यावीत, शाळेची सहल आली की दारं उघडावीत, एवढंच त्याचं काम. तस्नीम झकेरिया मेहता यांची कारकीर्द पाहिली की ही समजूत किती तोकडी आहे ते कळतं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या त्या दीर्घकाळ मानद संचालक होत्या. त्याआधी आणि त्यासोबत ‘इंटॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेत त्यांनी मोठी जबाबदारी सांभाळली. वडील डॉ. रफिक झकेरिया महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात होते. सरकारी फाईल आणि सांस्कृतिक संस्था यांचं नातं त्यांना घरातूनच ठाऊक असणार. पुढे महापालिकेबरोबर काम करताना ते कामी आलं असेल, असं मला वाटतं.

या संग्रहालयाचा जन्मच हेळसांडीतून झाला. 1855च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा झाल्या आणि त्यांच्या जोडीने फोर्टातल्या बराकींत एक संग्रह उभा राहिला. 1857 साली बंडाच्या धामधुमीत बराकी फौजेला हव्या झाल्या, वस्तू बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ नष्ट झाल्या. मग जॉर्ज बर्डवूड, डॉ. भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट अशा मंडळींनी नव्या इमारतीसाठी खटपट केली. 1862 मध्ये पायाभरणी झाली आणि 1872 मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ लोकांसाठी उघडलं. भाऊ दाजींचं नाव त्याला मिळायला 1975 उजाडलं. तोवर इमारतीची रया जायला लागली होती.

2003 साली मुंबई महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. जागा आणि संग्रह पालिकेचा, जाणकारी इंटॅकची, पैशाचं बळ फाउंडेशनचं. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इमारतीचं काम झालं. ओतीव लोखंडाच्या खांबांवरचे रंगांचे थर उतरले, सोन्याचा वर्ख पुन्हा चढला, मिंटन फरश्या आणि लाकडी कपाटं मूळ रूपात आली. 2005 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला आणि जानेवारी 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं.

बहुतेक संस्थांची गोष्ट इथे संपते. फीत कापली जाते, छायाचित्रं छापून येतात आणि पाचेक वर्षांत भिंतीला पुन्हा ओल येते. मेहता यांचं खरं काम मला इथून पुढे दिसतं. दुरुस्त झालेल्या या देखण्या इमारतीत आजच्या मुंबईने येऊन काय बोलायचं, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. त्यासाठी त्यांनी हयात कलावंतांना बोलावलं. तेही बाजूच्या एखाद्या मोकळ्या खोलीत नव्हे, तर जुन्या संग्रहाच्या अगदी मधोमध.

या संग्रहालयात मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत. मुंबईतल्या जातीजमातींचे लोक, त्यांचे पेहराव, पगड्यांचे प्रकार, कारागीर, खेडं, खेळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जे. जे. स्कूलचे प्राचार्य संग्रहालयाचेही क्युरेटर असत त्या काळात, यांतल्या कित्येक घडल्या. प्रत्येक बाहुली आपापल्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या धंद्यात, शांत उभी. साहेबाच्या डोळ्यांना शहर जसं नीटनेटकं दिसायला हवं होतं, तसं ते काचेमागे मांडलेलं आहे. 2011 साली जितीश कल्लाट यांचं ‘फील्डनोट्स’ हे प्रदर्शन इथे झालं. त्यात ‘अँगर ॲट द स्पीड ऑफ फ्राइट’ ही कलाकृती होती. तशाच छोट्या, रंगवलेल्या माणसांचा मेळा, पण ही माणसं हातघाईवर आलेली, एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली. ती पाहून पुन्हा जुन्या बाहुल्यांकडे वळलं की त्यांची शांतता खटकू लागते. या बाहुलीला या जागी कुणी उभं केलं, आणि का, असं विचारावंसं वाटतं. काचेवरची पाटी बदललेली नसते, बाहुलीही तीच असते. शेजारी काय ठेवलं, एवढ्यानेच तिचा अर्थ हलतो. क्युरेटरचं सगळं कसब या शेजारात आहे.

त्याच प्रदर्शनात ‘सर्का’ही होतं. बांधकामाच्या बांबूच्या परांचीसारखी दिसणारी, राळेत ओतलेल्या 120 भागांची ही रचना. नुकत्याच डागडुजी झालेल्या सोनेरी दालनात बांबूचा सांगाडा उभा करायला धीर लागतो, कलावंताला आणि त्याहून अधिक संचालकाला. जुन्या वास्तूच्या शांततेत हा गोंगाट कशाला, असं म्हणणारे रसिक असतात. त्यांचं मन मला समजतं, पण म्हणणं पटत नाही. ज्या शहरात कुठे ना कुठे कायम परांची बांधलेली असते, त्या शहराच्या संग्रहालयात ती आलीच पाहिजे.

सुदर्शन शेट्टी, एल. एन. तल्लूर, शीबा छाछी, नलिनी मलानी अशी मोठी रांग इथे येऊन गेली. अतुल दोडिया यांच्या प्रदर्शनाचं नावच ‘7000 म्युझियम्स’ होतं. देशभरातल्या लहानसहान गावांत उभी राहू शकतील अशी संग्रहालयं त्यांनी कल्पनेने रंगवली होती. तिकीट भारतीय प्रौढांना 10 रुपये ठेवल्यामुळे प्राणिसंग्रहालय बघायला आलेली कुटुंबं सहज आत शिरत. आधुनिक कला आणि क्युरेटरच्या कामाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम इथे सुरू झाला, तो मला पुरस्काराइतकाच मोलाचा वाटतो. 2022 मध्ये संग्रहातल्या 101 वस्तूंच्या आधाराने मुंबईची कहाणी सांगणारं मेहता यांचं इंग्रजी पुस्तक आलं. ते मराठीत यायला हवं.

हे सगळं बल्लारपुरात बसून वाचताना जीव तुटतो. आमच्या भागातल्या वस्तूंना शेजार मिळालेलाच नाही. सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ 1960च्या आसपास प्रचंड डायनोसॉरची हाडं निघाली. किमान सहा जनावरांची तीनशेवर हाडं. उत्खनन झालं ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं होतं म्हणून नाव पडलं ‘बारापासॉरस टागोराय’. त्याचा उभा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती थेट अयोध्येच्या मंदिराच्या दारांपर्यंत पोचली. गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूचा बल्लारपूरच्या पेपरमिलमध्ये लगदा झाला आणि कागद होऊन देशभर गेला. खांडक्या बल्लाळशहाने वसवलेल्या या गावाचा किल्ला वर्धेच्या काठावर आहे, पण त्याच्या भिंतीजवळ उभं राहून शाळकरी मुलाला गोंड राजवटीची चार वाक्यं सांगणारं दालन गावात नाही.

कलेची भूक मात्र आहे. 2018 साली रेल्वेच्या स्थानक-सुशोभन स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांना मिळून पहिला क्रमांक आणि 10 लाखांचं बक्षीस मिळालं. मधुबनी आणि मदुराईसारखी कलेची पेठ असलेली गावं दुसऱ्या क्रमांकावर राहिली. ताडोब्याचे वाघ, जंगल आणि आदिवासी जीवन इथे भिंतींवर उतरलं. गाडीची वाट बघणारी माणसं चित्रांसमोर थांबतात, लेकराला बोट करून वाघ दाखवतात. पण चित्र लागलं की काम संपलं, असं व्हायला नको. रंगवलेल्या वाघाशेजारी वाघाच्या हल्ल्यात माणूस गमावलेल्या गावाची हकीकत असावी, बांबूच्या चित्राशेजारी बुरडाच्या हातची टोपली असावी. हे ठरवायला कुणीतरी नेमलेलं माणूस लागतं.

असं माणूस काय करू शकतं याचा दाखला फार लांब नाही. 1982 मध्ये भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांनी ‘रूपंकर’ उभं केलं आणि शहरी चित्रकारांच्या बरोबरीने आदिवासी कलावंतांना जागा दिली. पाटणगढचा जनगढसिंह श्याम हा परधान गोंड तरुण तिथूनच जगापुढे आला. चंद्रपूरला गोंड राजांची राजधानी होती, मात्र गोंड चित्रकलेचं नाव निघालं की लोक भोपाळकडे बघतात.

भायखळ्याच्या करारात तीन पक्ष होते: जागा देणारी पालिका, पैसा देणारं फाउंडेशन आणि विषय जाणणारी संस्था. बल्लारपुरात नगरपरिषद आहे, वनविभाग आहे, कागद आणि कोळशाचे उद्योग आहेत. सुरुवातीला दोन खोल्या, बारापासॉरसच्या पायाची एक प्रतिकृती, मिलमधलं एखादं मोडीत निघालेलं यंत्र आणि एटापल्ली-भामरागडकडच्या तरुण कलावंतांना वर्षाकाठी एक प्रदर्शन, एवढं पुरे. त्यासाठी पगारी क्युरेटरचं एक पद मंजूर व्हावं आणि त्यावर गोंडी आणि मराठी दोन्ही बोलणारं, भायखळ्याच्या त्या पदविकेसारखं शिक्षण घेतलेलं इथलंच कुणी यावं. जिल्हा नियोजनाच्या पुढच्या आराखड्यात ही मागणी लेखी जायला हवी.