जुन्या मोटारीचे लाकूड आणि लाखेचा प्रश्न

ज्यांच्या घरी जुनी मोटार आहे त्यांस ठाऊक असेलच की, यंत्र दुरुस्त करणारा मिळतो. आतील लाकूड उजळणारा सहसा मिळत नाही. आमची मोटार जॅग्वार मार्क पाच. हा प्रकार 1948 ते 1951 या काळात बनत असे. समोरची फळी व दारांवरील पट्ट्या अक्रोडाच्या व्हिनिअरने मढविलेल्या. माळव्याच्या उन्हाने त्यावरील वार्निश पिवळे पडून तडकले व कडा सुटू लागल्या.

उंची लाकूडकाम इंदूरला नवे नव्हे. यशवंतराव होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यात फ्रान्सच्या रुलमान यांनी घडविलेले आबनुसी मेज होते. तेथील पुष्कळ सामान 1980 साली मॉन्टे कार्लोच्या लिलावात गेले. जे घरात उरले आहे ते तरी राखावे, असे आम्हांस वाटले.

पहिल्या कारागिराने घासण्याचे यंत्र लावले. व्हिनिअर एक मिलिमीटरहूनही पातळ. डाव्या दाराच्या कोपऱ्यात ते क्षणात उडाले व खालचे फिके लाकूड दिसू लागले. आम्ही काम तेथेच थांबविले.

दुसरे मिस्त्री वयस्क, हाताने काम करणारे. त्यांनी कडा चिकटविण्यास सरस आणि झिलईस चपडा लाख मागितली. आत्याबाई जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, या गाडीतून आम्ही मंदिरी जातो. सरस कातड्या-हाडांचा, लाख किड्यांची. दोन्ही नकोत."

थोरले बंधू म्हणाले, "आत्याबाई, पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य वर्ज्य सांगितले आहे. आपण काही लाखेचा व्यापार करीत नाही."

"विकायची नाही, आणि विकत मात्र घ्यायची?" आत्याबाईंनी विचारले. आम्ही सारे व्यापारी. पण यावर कोणास उत्तर सुचले नाही.

सरसाचा प्रश्न सोपा होता. 1959 साली फेविकॉल आल्यापासून बहुतेक सुतारांची सरसाची हंडी विझलीच आहे. मात्र तापलेल्या मोटारीत तेही सैल पडते, म्हणून आम्ही ॲराल्डाइट वापरले. लाखेविषयी मिस्त्रींनीच कबूल केले की, ती उन्हात मऊ होते व गरम पाण्याच्या थेंबानेही तिच्यावर पांढरा डाग उठतो. घरातील कपाटास ती शोभते. मे महिन्यात बंद उभ्या राहणाऱ्या मोटारीस नव्हे. बंधूंचे मत बदलले नाही, पण पॉलियुरेथेन वार्निश आणावयास सियागंजात गेले तेच.

प्रत्येक पट्टीच्या पाठीवर क्रमांक घालून ती उतरविली. जुने वार्निश रसायनाने मऊ करून बोथट पात्याने काढले आणि लाकूड रेषेच्या दिशेनेच बारीक कागदाने घासले. नंतर वार्निशचे आठ पातळ हात दिले. दोन हातांमध्ये एक दिवसाची विश्रांती व पाण्याच्या कागदाची हलकी घासणी. मिस्त्रींनी घाई म्हणून केली नाही. घाई आम्हांस होती.

डाव्या दाराचा तो कोपरा मात्र नवे व्हिनिअर न चढविता रंगाने मिळविला आहे. पाहुण्यांच्या तो ध्यानात येत नाही. आत्याबाई नेमक्या त्याच बाजूस बसतात.