उसातून निरोप पोचवायचा कसा?

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचा उसातल्या सेन्सरचा प्रयोग गाजतोय. पण शेळगावसारख्या ऊसपट्ट्यात खरी गंमत रेंजची! डोक्यावर गेलेला ओला ऊस रेडिओलहरी गिळतो. उपाय? मधल्या बांधावरच्या छोट्या रेडिओयंत्राने, म्हणजे नोडने, सेन्सरचा निरोप ऐकून पुढे द्यायचा.

आला तसाच मोठा करून पाठवला, तर खरखरही मोठी होते. उलगडून नव्याने पाठवला तर स्वच्छ जातो, पण उलगडताना चुकला की चूकही पुढे! लेनमन, त्से आणि वॉर्नेल या संशोधकांनी २००४ मध्ये याचं गणित मांडलं: थेट आणि नोडमार्गे आलेला सिग्नल जोडला, की एक वाट बुडाली तरी दुसरी तारते.

हौशींसाठी असे नोड जोडणारं मेश्टास्टिक हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मूळ सेटिंगमध्ये निरोप ३ टप्पे जातो, कमाल ७. पॉवरची मर्यादा पाळली तर ८६५-८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. अँटेना मात्र वाढ्यांच्या वरच लावा.