नवरा देवळालीला, बायको साताऱ्याला

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम भारतात येऊन राहिलेल्या जर्मन स्त्रिया वेगवेगळ्या वाटांनी आल्या. सर्वांत जुनी वाट मिशनची. बासेल मिशनची माणसे १८३४ साली मंगळूरला पोचली आणि पुढे धारवाड-हुबळीकडे पसरली. त्यांच्या बायका शाळा, दवाखाना आणि शिवणवर्ग सांभाळत. रंग, औषधे आणि यंत्रे विकणाऱ्या जर्मन कंपन्यांनी मुंबईत कचेऱ्या थाटल्या, तेव्हा नोकरदारांची कुटुंबे आली. बर्लिन, गॉटिंगन, म्युनिक इथे शिकायला गेलेल्या हिंदी विद्यार्थ्यांशी लग्न करून थोड्या जणी आल्या. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर मात्र जीव वाचवण्यासाठी ज्यू स्त्रिया येऊ लागल्या. आज भारतात आणि भारताबाहेर ज्या घरांत ‘आमची पणजी जर्मन होती’ असे सांगितले जाते, तिथली पणजी बहुतेक यांपैकीच एका वाटेने आलेली असते.

शेवटच्या वाटेने येणाऱ्यांचे निघणे सर्वांत कठीण होते. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मनीतल्या ज्यूंच्या पारपत्रावर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का मारला जाई. १ जानेवारी १९३९ पासून ज्यू स्त्रीचे नाव उघडपणे ज्यू नसेल तर तिला आपल्या नावापुढे ‘सारा’ हे नाव सक्तीने जोडावे लागे. देश सोडताना रोख फक्त दहा राइशमार्क नेता येत. घर, दागिने, बँकेतली ठेव, सारे मागे राही. मुंबईत १९३४ साली स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन अशा कुटुंबांसाठी हमी देत असे, कारण सरकारवर भार पडणार नाही याची खात्री पटल्याखेरीज भारतात प्रवेश मिळणे अवघड होते. शिकलेल्या, संगीताची आणि पुस्तकांची आवड असलेल्या घरांतल्या या बाया मुंबईत उतरल्या तेव्हा पाठीशी हुन्नराशिवाय काही नव्हते. त्या हुन्नरावरच त्यांनी संसार उभे केले. व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ साली मुंबईत आली, दुसऱ्या वर्षी पारशी डॉक्टर आदी बोमन-बेहराम यांच्याशी तिचे लग्न झाले आणि १९४१ साली तिने शहरात नृत्यशाळा काढली. ती ऑस्ट्रियाची. पण १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यापासून कागदोपत्री तीही जर्मनच ठरली होती.

लग्नाने स्त्रीचे राष्ट्र बदलते, हा त्या काळचा कायदा होता आणि त्याचे परिणाम फार दूरवर पोचले. १९१३ च्या जर्मन नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी माणसाशी लग्न करणारी जर्मन स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे. ब्रिटिशांच्या १९१४ च्या कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाची बायको ब्रिटिश प्रजाजन मानली जाई. म्हणजे पुण्याच्या एखाद्या इंजिनियरशी लग्न केलेली जर्मन मुलगी युद्ध सुरू झाल्यावर शत्रू ठरत नसे, आणि तिच्याच वर्गात शिकलेली, जर्मन मिशनऱ्याशी लग्न केलेली मैत्रीण शत्रू ठरे. लग्न लावणेही सोपे नव्हते. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, ज्यू नाही असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत असे जाहीर न करता लग्न करण्याची सूट मिळाली, पण ख्रिस्ती किंवा ज्यू जोडीदार असेल तर ती लागू नव्हती. कुणीतरी धर्म सोडायचा किंवा बदलायचा, नाहीतर जर्मनीतच नोंदणी करून यायचे, असे मार्ग अनेकांना धरावे लागत.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले आणि भारतभर जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्यांना अहमदनगरच्या छावणीत आणले गेले. पहिल्या महायुद्धातही जर्मन कैदी इथेच होते, त्यामुळे नगरकरांना हे दृश्य नवे नव्हते. नाझींचे समर्थक आणि नाझींपासून पळून आलेले ज्यू एकाच तारेच्या आत आले, हा त्या धरपकडीतला सर्वांत कडू भाग म्हणावा लागेल. सर मॅल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली आणि बऱ्याच निर्वासितांना सोडले. मात्र १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, सरकार पुन्हा कडक झाले आणि आता बायका-मुलांवरही हात पडला.

नगरहून पुरुषांना देवळालीला हलवण्यात आले. नाशिकजवळचे देवळाली हे ब्रिटिश फौजेचे जुने ठाणे. विलायतेहून आलेल्या आणि परत जायला निघालेल्या पलटणी इथे थांबत. हवा कोरडी, रेल्वे जवळ, मैदान मोकळे, त्यामुळे शेकड्यांनी माणसे ठेवायला ही जागा सोयीची होती. आल्प्स आणि हिमालय चढलेला हाइन्रिश हारर हाही या कैद्यांत होता. नगरहून देवळालीला नेताना मोटारींच्या ताफ्यातून निसटण्याचा त्याचा प्रयत्न फसला. देवळालीहून कैदी देहरादूनला गेले. तिथून २९ एप्रिल १९४४ रोजी हारर आणि पेटर आउफश्नायटर पळाले आणि जानेवारी १९४६ मध्ये ल्हासाला पोचले. ती गोष्ट जगभर वाचली गेली. त्याच छावण्यांतल्या पुरुषांच्या बायकांचे काय झाले, हे मात्र फार थोड्यांनी लिहिले.

बायका-मुलांसाठी ‘पॅरोल’ छावण्या होत्या. पश्चिम भारतात त्या मुख्यतः सातारा आणि पुरंदर इथे होत्या. पॅरोल म्हणजे ठरलेली हद्द ओलांडणार नाही असे वचन देऊन राहणे. देवळालीसारखा कडक पहारा इथे नव्हता, पण हजेरी होती आणि पत्रांवर सेन्सॉरची नजर होती. पुरंदरच्या माचीवर इंग्रजांनी सैनिकांच्या विश्रांतीसाठी बराकी आणि छोटे चर्च बांधले होते. त्या बराकींत निर्वासित ज्यू आणि मिशनऱ्यांची कुटुंबे आली. साडेचार हजार फुटांच्या आसपासची उंची, पावसाळ्यात दिवसचे दिवस न हटणारे धुके, आणि खाली देशावर पसरलेला मराठी मुलूख. मुरारबाजी पडला तो हाच गड, संभाजीराजे जन्मले तेही इथेच. बर्लिन-हाम्बुर्गच्या बायकांनी तो इतिहास कितपत ऐकला असेल, सांगता येणार नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न मुलांना आज काय शिकवायचे हा होता.

या पिढीच्या स्वभावाचा ठाव इथेच लागतो. नियम करणे, वेळ पाळणे आणि हातातले काम नीट पुरे करणे हे त्या घरांतले वळण होते, आणि बाकी सारे हिरावले गेल्यावर तेवढे वळण त्यांच्याजवळ उरले. गेर्डा फिलिप्सबोर्न हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. १८९५ साली कील इथे जन्मलेल्या गेर्डाची बर्लिनमध्ये झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या विद्यार्थ्यांशी मैत्री झाली. १९३२ च्या अखेरीस ती भारतात आली आणि दिल्लीच्या जामिया मिलियातल्या बालवर्गात कामाला लागली. मुले तिला आपाजान म्हणत. जन्माने ज्यू, मनाने राष्ट्रीय शिक्षणाशी बांधलेल्या या बाईलाही जर्मन म्हणून पुरंदरावर ठेवण्यात आले. आजारामुळे सुटका झाली, पण तो आजार कर्करोगाचा होता. एप्रिल १९४३ मध्ये दिल्लीत तिचे निधन झाले आणि जामियाच्या कब्रस्तानात तिला मूठमाती मिळाली. ती कुणाची पणजी झाली नाही. तरी जामियातले पाळणाघर तिच्या नावाने चालते.

शार्लोट विर्शिंगचे आयुष्य निराळ्या दिशेने गेले. तिचा नवरा योसेफ विर्शिंग म्युनिकचा छायालेखक. १९२५ साली तो ‘प्रेम संन्यास’च्या चित्रणासाठी प्रथम भारतात आला. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली, तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनबरोबर विर्शिंग तिथला कॅमेरामन झाला. ‘अछूत कन्या’ (१९३६) ही त्यांचीच. युद्धाने हे सारे मोडले. योसेफच्या कैदेच्या मुक्कामांत अहमदनगर, देवळाली, देहरादून आणि सातारा ही नावे येतात. नवरा छावण्यांतून छावण्यांत जात असताना परमुलखात घर टिकवून धरायचे, एवढे मोठे काम या बायकांच्या वाट्याला आले होते. साताऱ्याच्या छावणीत काही कुटुंबांना एकत्र राहता आले, हा त्यातल्या त्यात दिलासा.

ज्यू स्त्रियांवर आणखी एक घाव बसला. २५ नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाने परदेशात राहणाऱ्या साऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्व एकदम रद्द झाले. ज्या देशाची म्हणून ब्रिटिशांनी नजरकैदेत ठेवले, त्या देशाने झिडकारले होते. मायदेशी राहिलेले आईवडील आणि भावंडे यांची पत्रे याच सुमारास थांबली. त्यांचे पुढे काय झाले ते अनेकींना युद्ध संपल्यावरच कळले. पुष्कळ घरांत आजी किंवा पणजी जर्मनीविषयी कधी बोलली नाही असे सांगतात, त्यामागे हे आहे. त्या मौनाला तुटकपणा किंवा गर्व समजणे अन्यायाचे होईल.

१९४६ च्या नोव्हेंबरात ‘योहान फान ओल्डनबार्नेव्हेल्ट’ या जहाजाने मुंबईहून शेकडो जर्मनांना हाम्बुर्गला परत पाठवले. भारतात जन्मलेल्या मुलांनी जर्मनी प्रथमच पाहिली, तीही बॉम्बने उद्ध्वस्त झालेली. निर्वासित ज्यूंपैकी बहुतेक जण स्वातंत्र्यानंतर इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा इस्रायलला गेले. हिल्डे होल्गर १९४८ साली लंडनला गेली आणि तिथे २००१ पर्यंत जगली. विर्शिंग कुटुंब इथेच राहिले. योसेफने ‘महल’ (१९४९) आणि ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) चित्रित केले, आणि १९६७ साली त्याचे निधन झाले तेव्हा ‘पाकीजा’ अपुरा होता. घरात जपलेली त्याची छायाचित्रे नातवाने पुढे आणली, आणि २०१७ साली गोव्यातल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात ती मांडली गेली.

अशा पणजीचा माग काढू पाहणाऱ्या घरांना कागद बऱ्याच ठिकाणी सापडू शकतात. १९३९ नंतर परदेशी व्यक्तींना पोलिसांकडे नोंदणी करावी लागे, आणि ते दाखले जुन्या पेट्यांत अजून निघतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या फायली आहेत, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात इलाख्याचे कागद आहेत. नाझी छळाला बळी पडलेल्या नातलगांची नोंद जर्मनीतल्या बाड आरोल्झन इथल्या संग्रहात शोधता येते. शोध घेताना स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि सक्तीने जोडलेले ‘सारा’ अशी तिन्ही नावे धरून पाहावे लागते, आणि उच्चारावरून इंग्रज कारकुनांनी केलेली स्पेलिंगे दर फायलीत बदललेली असतात.