तिकीट आधी, संघ नंतर

हॉकी म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर मेजर ध्यानचंद आणि ऑलिंपिकची सुवर्णपदके उभी राहतात. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील हॉकी बर्फावर खेळली जाते. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशा बर्फाच्या मैदानावर, धारदार पात्यांचे बूट घालून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू वाऱ्याच्या वेगाने धावत असतात. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची कठीण रबरी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. वीस वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात आणि पापणी लवेपर्यंत पक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचलेली असते.

या खेळाची अमेरिकेतील महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा १९४८ साली सुरू झाली. पहिली दहा वर्षे ती कोलोरॅडो स्प्रिंग्ज या एकाच गावी भरत असे. पुढे ती निरनिराळ्या शहरांत फिरू लागली. आज सोळा संघांची निवड होते, मार्चअखेरीस चार ठिकाणी विभागीय सामने होतात आणि उरलेले चार संघ एप्रिलमध्ये एका शहरात एकत्र येतात. गुरुवारी दोन उपांत्य सामने, शुक्रवारी विश्रांती आणि शनिवारी अंतिम सामना. या तीन दिवसांच्या मेळ्याला १९९९ पासून ‘फ्रोझन फोर’ असे नाव आहे.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला या स्पर्धेत खेळापेक्षाही अधिक कुतूहल वाटावे अशी गोष्ट म्हणजे तिची तिकीटविक्री. तिन्ही सामन्यांची तिकिटे एकत्र, संचाच्या रूपाने विकली जातात आणि ही विक्री कित्येक महिने आधी सुरू होते. चार संघ कोणते, हे मात्र स्पर्धेच्या जेमतेम दोन आठवडे अगोदर ठरते. दाखल झालेल्या महाविद्यालयांसाठी काही तिकिटे राखून ठेवलेली असतात हे खरे. परंतु बहुसंख्य प्रेक्षक आपला संघ तेथे असेल की नाही हे ठाऊक नसतानाच पैसे मोजून मोकळे झालेले असतात. कोणता माल हाती पडणार हे न विचारता पूर्ण रक्कम आगाऊ देणारे गिऱ्हाईक आपल्यापैकी किती व्यापाऱ्यांनी पाहिले असेल?

असे एक गिऱ्हाईक मला जवळून पाहावयास मिळाले. २०२४ च्या वसंत ऋतूत मी व सौ. मुलीकडे मिनेसोटा राज्यात होतो. तिचे घर मिनियापोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या उपनगरात आहे आणि त्या वर्षीचा फ्रोझन फोर सेंट पॉलमध्येच होता. तिच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. मिनेसोटा विद्यापीठ हे त्यांचे जुने विद्यालय. त्याच्या मरून व सोनेरी रंगांचा ध्वज त्यांच्या ओसरीवर बाराही महिने फडकत असतो. आपली व पत्नीची, तसेच डुलुथ येथे राहणाऱ्या भाऊ-भावजयीची मिळून चार तिकिटे त्यांनी फार पूर्वीच घेऊन ठेवली होती.

त्यांची कहाणी समजण्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. मिनेसोटाला हॉकीचे राज्य म्हणतात. सेंट पॉलचेच सुपुत्र हर्ब ब्रुक्स यांनी प्रशिक्षक म्हणून या विद्यापीठाला १९७४, १९७६ आणि १९७९ साली अजिंक्यपद मिळवून दिले; १९८० च्या ऑलिंपिकमध्ये बलाढ्य सोव्हिएत संघाला हरविणाऱ्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षकही तेच. त्यानंतर विद्यापीठाच्या वाट्याला दीर्घ दुष्काळ आला. तो संपला २००२ मध्ये, याच सेंट पॉलमध्ये. मेन विद्यापीठाविरुद्ध सामन्याला एक मिनिटही उरले नसताना मिनेसोटाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ४–३ असा विजय मिळविला. शेजारी त्या दिवशी प्रेक्षकांत होते. पुढच्या वर्षी बफेलो येथे पुन्हा विजय मिळाला. आणि त्यानंतर आजतागायत एकदाही नाही.

तरीही हे गृहस्थ जात राहिले. २०२२ मध्ये बॉस्टनला गेले. तेथे उपांत्य फेरीत आपल्याच राज्यातील मिनेसोटा स्टेट या संघाकडून ५–१ अशी हार पाहिली. २०२३ मध्ये दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून फ्लोरिडातील टँपा गाठले. बाहेर ऊन व समुद्रकिनारा, आत बर्फ, असा तो विचित्र अनुभव त्यांनी मला रंगवून सांगितला. अंतिम सामन्यात मिनेसोटा २–० ने पुढे होता. क्विनिपिॲक संघाने बरोबरी साधली आणि जादा वेळेच्या अवघ्या दहाव्या सेकंदाला विजयी गोल केला. प्रेक्षक जागेवर नीट बसलेही नव्हते.

म्हणूनच २०२४ ची आशा मोठी होती. स्पर्धा घरच्या अंगणात, संघ चांगला. परंतु ३० मार्च रोजी विभागीय सामन्यात बॉस्टन विद्यापीठाने मिनेसोटाला ६–३ ने हरविले. यजमान शहराचे लाडके विद्यापीठच स्पर्धेबाहेर गेले. सेंट पॉलला येणारे चार संघ ठरले: बॉस्टन विद्यापीठ, बॉस्टन कॉलेज, मिशिगन आणि डेन्व्हर.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी भेट झाली तेव्हा मी सहज विचारले, की आता ही तिकिटे विकून टाकणार काय? ते गृहस्थ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सांगितले, की भावाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याने दोन तिकिटे मोकळी झाली आहेत. मी आणि नातू येणार असू तर त्यांना आनंद होईल. पैसे किती, असे विचारल्यावर त्यांनी पावतीवरची रक्कम सांगितली, एक डॉलरही अधिक नाही. बाजारात त्या दिवशी काय भाव चालला आहे हे त्यांनी पाहिलेही नव्हते. या चाहत्यांमध्ये एक अलिखित रिवाज आहे, असे ते म्हणाले: परक्याला विकायचे तर बाजार आहेच, पण खेळ पाहणाऱ्या माणसाला तिकीट खरेदीच्या किमतीतच द्यावे.

गुरुवार, ११ एप्रिल. आम्ही घरीच खाकरे आणि थेपले खाऊन निघालो, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ क्रीडागारात नेता येत नाहीत. सेंट पॉल ही मिनेसोटाची राजधानी, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेली. जुळ्या शहरांपैकी मिनियापोलिस अधिक झगमगीत. सेंट पॉल त्या मानाने शांत, जुने, पायी फिरता येण्याजोगे. नदीही गोठविणाऱ्या हिवाळ्यावर उपाय म्हणून येथील इमारती दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर काचबंद पुलांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. मिनियापोलिसहून येणारी हरित मार्गावरची गाडी शहराच्या मध्यभागी आणून सोडते. क्रीडागाराचे नाव त्या वेळी एक्सेल एनर्जी सेंटर असे होते. सुमारे अठरा हजार लोक तेथे बसू शकतात.

जवळच्या राइस पार्कपाशी चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ चित्रमालिकेतील पात्रांचे पुतळे आहेत. शुल्झ सेंट पॉलमध्ये वाढले आणि हॉकीचे इतके वेडे होते, की पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यावर त्यांनी तेथे स्वतः बर्फाचे क्रीडागार बांधले. त्या पुतळ्यांशेजारी उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी पाहिली आणि मी चकित झालो. सामन्यात चार संघ. परंतु लोकांच्या अंगावरच्या जर्सी कितीतरी महाविद्यालयांच्या! नॉर्थ डकोटा, विस्कॉन्सिन, मेन, कॉर्नेल. यांपैकी एकही संघ तेथे नव्हता. नातवाने कानाशी लागून विचारले, “आजोबा, ह्यांची टीम तर हरली ना? मग हे का आले?” त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढचे तीन दिवस मिळत गेले.

आत प्रत्येक महाविद्यालयाचा वाद्यवृंद प्रेक्षकांतच बसलेला असतो. गोल होताच विद्यार्थी प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकाकडे बोट दाखवून ‘चाळणी, चाळणी’ अशा अर्थाचा गजर करतात. जो गोल अडवू शकत नाही तो चाळणी! चेष्टा बोचरी असते, पण मध्यंतरात हीच मंडळी एकमेकांना वाट करून देताना दिसतात.

पहिल्या सामन्यात डेन्व्हर व बॉस्टन विद्यापीठ १–१ असे बरोबरीत राहिले. जादा वेळेत डेन्व्हरच्या ट्रिस्टन ब्रॉझ याने विजयी गोल केला. शेजारी उठून टाळ्या वाजवू लागले. ब्रॉझ हा जवळच्याच ब्लूमिंग्टनचा मुलगा आणि पूर्वी मिनेसोटाकडूनच खेळलेला. दुसऱ्या सामन्यात बॉस्टन कॉलेजने मिशिगनला ४–० असे नमविले.

आता खरी परीक्षा सुरू झाली, ती हरलेल्या दोन संघांच्या चाहत्यांची. हजारो लोक दूरदूरहून आलेले, खोल्या रविवारपर्यंत घेतलेल्या, खिशात शनिवारचे तिकीट. आणि आपला संघ घरी निघालेला. मोठ्या मेळ्यात हॉटेलांचे दर चढतात हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा खर्च वाया गेला असे मानून परत फिरायचे, की थांबायचे? काही जण फिरले. क्रीडागाराबाहेर तिकिटे विकणारेही दिसले, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येकाच्या संसाराचे गणित वेगळे असते. परंतु थांबणारे बरेच होते. शुक्रवारी वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला होबी बेकर पारितोषिक जाहीर होते. त्या वर्षी ते मॅकलिन सेलेब्रिनी या सतरा वर्षांच्या मुलाला मिळाले. तो आदल्या दिवशी हरलेल्या बॉस्टन विद्यापीठाचाच खेळाडू होता.

शनिवारी आमच्या पुढच्या रांगेत मिशिगनचे एक वयस्क जोडपे बसले होते, आपल्या पिवळ्या-निळ्या जर्सीत. पराभवानंतरही ते दोघे त्याच जर्सीत आले होते. शेजाऱ्यांची आणि त्यांची ओळख निघाली. २०११ मध्ये याच इमारतीत त्यांच्या मिशिगनला मिनेसोटा-डुलुथने जादा वेळेत ३–२ ने हरविले, त्या रात्रीची! तेरा वर्षांपूर्वीच्या एका पराभवावर दोन्ही कुटुंबे जुन्या सोयऱ्यांसारखी गप्पा मारत राहिली. हरल्याच्या आठवणी किती घट्ट असतात, आणि सांगायला किती गोड होऊन जातात, हे मला तेव्हा दिसले.

अंतिम सामन्यात डेन्व्हरने मधल्या भागात दोन गोल केले. शेवटच्या वीस मिनिटांत बॉस्टन कॉलेजने हल्ल्यांचा पाऊस पाडला. परंतु डेन्व्हरचा गोलरक्षक मॅट डेव्हिस याने त्या एका भागात २३ आणि सबंध सामन्यात ३५ फटके अडविले. निकाल २–०. डेन्व्हरचे हे दहावे अजिंक्यपद. मिशिगनच्या नऊ विजेतेपदांचा विक्रम त्याने मागे टाकला. शेवटच्या मिनिटाला मी सभोवार पाहिले. मरून, निळे, हिरवे, लाल असे सर्व रंग उभे होते. त्या पोराच्या कामगिरीला टाळ्या देणाऱ्यांत मिशिगनचे ते जोडपेही होते, ज्यांच्या महाविद्यालयाचा विक्रम नुकताच मोडला होता.

परतीच्या गाडीत मी शेजाऱ्यांना हिशेबनिसाच्या सवयीने विचारले, की एवढ्या वर्षांच्या खर्चावर परतावा काय मिळाला? त्यांचे उत्तर मला विचार करण्याजोगे वाटले. ते म्हणाले, २००२ चा आनंद इतका मोठा होता, कारण त्याआधीच्या रिकाम्या वर्षांतही ते हजर होते. फक्त जिंकण्याचे वर्ष निवडून विकत घेता येत नाही.

आपण बँकेत आवर्ती ठेव ठेवतो तेव्हा मुदत व व्याज दोन्ही पावतीवर छापलेले असते. या ठेवीवर दोन्हीही कोरे. तरीही लोक हप्ते भरतात आणि त्यांच्याच बळावर हा मेळा उभा आहे. शहरे कित्येक वर्षे आधी यजमानपदासाठी अर्ज करतात, कारण संघ कोणताही आला तरी ही माणसे येतील याची त्यांना खात्री असते. दुकानाची पतही अशाच गिऱ्हाइकांवर टिकते. सणाच्या गर्दीत कोणाचेही दुकान भरते. मंदीच्या दिवसांत ज्यांची पावले आपोआप आपल्या पायरीकडे वळतात त्यांची नावे धन्याने लक्षात ठेवावीत. मला दोन तिकिटे खरेदीच्या किमतीत मिळाली. त्या सौद्यात शेजाऱ्यांचा नफा शून्य होता. पण माझ्या बारा वर्षांच्या नातवाने आता त्या संघाचे खेळाडू पाठ केले आहेत. एक नवा खातेदार जोडला गेला.

२०२५ चा फ्रोझन फोर सेंट लुईस येथे झाला. वेस्टर्न मिशिगन संघाने बॉस्टन विद्यापीठाला ६–२ ने हरवून आपले पहिलेच अजिंक्यपद मिळविले. मिनेसोटा तेथेही पोचला नव्हता. मुलीने फोनवर सांगितले, की शेजारी पती-पत्नी मोटारीने सेंट लुईसला जाऊन आले. आणि परतल्यावर नातवाला सामन्याचे सविस्तर वर्णन ऐकवायला ओसरीवर बोलावून घेतले.