हिशेब नसलेलं जेवण आणि हिशेबाचं जेवण

‘ऑल इन्क्लुझिव्ह’ रिसॉर्टची कल्पना तशी फार जुनी नाही. १९५० साली जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर, अल्कुदियाच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून ‘क्लब मेड’ सुरू केला. तंबू पुरवणारे जिल्बेर त्रिगानो पुढे त्याच क्लबचे सर्वेसर्वा झाले. पैसे एकदाच भरायचे. मग राहणं, जेवण, खेळ यांचा वेगळा हिशेब नाही. मद्याचे पैसे लागत, पण तेही नोटांनी नव्हे, गळ्यातल्या माळेचे मणी काढून द्यायचे. पाकीट विसरता आलं पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. ब्लिट्झ आणि त्रिगानो हे दोघेही ज्यू कुटुंबांतले, याची मला गंमत वाटते. कारण ज्यू आहारनियम, म्हणजे कश्रुत, नखशिखांत हिशेबाचे आहेत. काय शिजलं, कशात शिजलं, चूल कोणी पेटवली, सुरी आधी कशाला लागली होती, हे सगळं विचारायचं.

आम्ही नवराबायको बेने इस्राएल, मूळचे ठाण्याचे, आता न्यू जर्सीत राहणारे. मेक्सिकोतल्या कान्कूनच्या किनाऱ्यावर अशाच एका रिसॉर्टमध्ये आम्ही सहा रात्री राहिलो आणि कोशर पाळलं. ‘तुम्ही डुक्कर खात नाही ना, मग बाकी आहेच की इतकं!’ असं आमचे मराठी स्नेही म्हणाले. म्हणून हे सविस्तर सांगायला घेतलं आहे. डुक्कर हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

प्राण्यांची यादी तोरात, लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आहे. खूर दुभंगलेला हवा आणि प्राणी रवंथ करणारा हवा. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बाद. (अलिबागच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहून आमच्या पूर्वजांनी कोळंबीला हात लावला नाही, याला मी तरी मोठं तप म्हणेन.) बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, डेव्हिड रहाबी नावाच्या परक्या ज्यूने कोकणातल्या या ‘शनवार तेल्यां’ची परीक्षा घेतली. बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे तेवढे निवडून घेतले आणि ही माणसं ज्यूच, अशी त्याची खात्री पटली. रिसॉर्टच्या जाळीवर माही-माही भाजत होते. तो मासा कोशर आहे. पण कातडी काढलेल्या पांढऱ्या तुकड्यावरून तो माही-माहीच, हे कळायचं कसं? म्हणून कातडीचा खवल्यांसह तुकडा राखलेला मासाच घेतात. इथे तोही प्रश्न पुढे सरकला नाही, कारण त्याच जाळीवर शेजारी लॉब्स्टर होते.

खरी मेख इथे आहे. कश्रुताच्या विचारात भांडं चव पितं. गरम पदार्थ भांड्यात मुरतो आणि पुढच्या गरम पदार्थात उतरतो. त्यामुळे डुकराच्या चरबीत परतलेल्या राजम्याच्या कढईत नंतर शुद्ध भाजी शिजवली, तरी ती चालत नाही. मेक्सिकन स्वयंपाकात ही चरबी पारंपरिकच. परतलेला राजमा, मक्याचे तामाले, मैद्याच्या पोळ्या, सगळ्यांत ती असू शकते. थंड वस्तूचं तसं नाही. स्वच्छ सुरीने थंड पपई कापली तर पपईला काही होत नाही. मात्र कांदा, लिंबू यांसारखे तिखट-आंबट पदार्थ थंड असतानाही सुरीची चव ओढून घेतात, असा नियम आहे. काचेबद्दल सेफार्दी रीत उदार आहे: काच काही शोषत नाही. बेने इस्राएलांची रीत सेफार्दी, म्हणून बारमधला काचेचा पेला आम्हाला चालला. त्याच्या कडेला खोचलेली लिंबाची फोड चालली नाही. बारवाल्याला हा फरक समजावताना माझ्या मोडक्या स्पॅनिशची कसोटी लागली. त्याने मात्र दुसऱ्या दिवसापासून न सांगता लिंबू वगळलं.

मद्याचं शास्त्र आणखी वेगळं. साधी शंभर टक्के अगावेची टकिला बहुतेकांना चालते. ज्या मेस्कालच्या बाटलीत अळी टाकलेली असते, ते चालत नाही. गडद लाल रंगाची मद्यं आणि मिठाया पाहून थांबायचं. कारण कार्मिन हा रंग फड्या निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून होतो आणि त्या किड्यांचं माहेर मेक्सिकोच.

मग खाल्लं काय? अख्खी फळं, आमच्याच सुरीने कापलेली. सोबत नेलेले ट्यूनाचे डबे, कागदी ताटल्या. पाकीटबंद वस्तूंवर वर्तुळातलं इंग्रजी ‘यू’ अक्षर शोधायचं. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स संघटनेची ही खूण १९२०च्या दशकात हाइन्झ कंपनीच्या डब्यांपासून रुळली. ‘यू’शेजारी ‘डी’ असेल तर दुधाचा अंश समजायचा आणि मांसासोबत घ्यायचा नाही. कान्कूनमध्ये खबाड चळवळीचं केंद्र आहे, तिथून रात्रीचं गरम जेवण मागवलं. ते चांदीच्या कागदाच्या दोन थरांत घट्ट बंद येतं आणि तसंच हॉटेलच्या भट्टीत गरम करतात. भट्टीची वाफ आत शिरू नये हे एक कारण. दोन खुणा असल्या की कोणी मध्येच उघडलं नाही याची खात्री राहते, हे दुसरं. सॅलडवरून मात्र आमच्यात मतभेद होता. नवऱ्याच्या मते कांदा नसेल तर ते घ्यावं. मी पानांतल्या बारीक किड्यांमुळे घेत नाही. एका घरात दोन मापं असू शकतात, हेही लिहून ठेवायला हवं.

मराठी वाचकाला इथे सोवळं आठवेल. भांड्यांच्या बाबतीत साम्य आहेच. पण माणसाच्या स्पर्शाने अन्न विटाळतं, ही कल्पना यात नाही. यहुदी नसलेल्याने शिजवलेलं न खाण्याचा नियम आहे. तो कच्चं खाता न येणाऱ्या, राजाच्या ताटात शोभेल अशा पदार्थांपुरताच आहे. कारणही तालमूदकारांनी आडपडदा न ठेवता सांगितलं आहे: सोबत जेवण, सोबत द्राक्षासव, मग सोयरीक. म्हणजे पंगत तोडणं हा नियमाचा अपघाती परिणाम नव्हे, हेतूच. अश्केनाझींना यहुदी माणसाने चूल पेटवली तरी पुरतं. सेफार्दी रीतीत भांडंही त्यानेच चढवावं लागतं. हा हेतू मला आज पटतो का? पूर्ण नाही. तरी मी नियम पाळते, कारण तो माझ्या आजीने अशा गावात पाळला, जिथे तिच्याखेरीज तो कोणाला ठाऊकही नव्हता. आणि नियम अन्नापुरता आहे, टेबलापुरता नाही. मोंतेरेच्या एका जोडप्याने बोलावलं तेव्हा आम्ही आमची चांदीच्या कागदातली पुडकी घेऊन त्यांच्याच टेबलावर बसलो. त्यांच्या ताटात लॉब्स्टर, आमच्या ताटलीत कोंबडी. त्यांनी विचारलं तेवढं सांगितलं. पुढे दोन तास गप्पा मुलांच्या शिक्षणावर चालल्या.

शब्बाथला अडचण जेवणाची नसून विजेची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून वीज चालू-बंद करायची नाही, म्हणजे चुंबकीय कार्ड, सेन्सरचे दिवे, लिफ्ट सगळंच अडतं. आम्ही आधीच तळमजल्यावरची, साध्या किल्लीची खोली मागून घेतली होती.

नारळाबद्दल मात्र थोडं थांबून लिहावंसं वाटतं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून बेने इस्राएलांच्या घरी मटणाच्या रश्श्यात आणि हलव्यात नारळाचं दूध असतं. पोहे, गूळ, खोबरं यांचा मलिदा एलियाहू हनाबीच्या नावाने होतो. कश्रुताचा अवघड प्रश्न कोकणाने माडावरून सोडवला. शास्त्रात एक सुरेख सूचना आहे: मांसासोबत बदामाचं दूध वाढलं, तर शेजारी चार बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. कान्कूनच्या वाळूवर एक म्हातारा कोयत्याने शहाळी सोलून देत होता. शहाळ्याला ना भांडं लागतं, ना चूल, ना खूण. रोज दुपारी चारला आम्ही त्याच्याकडे जात होतो आणि रांगेत आमच्या पुढेमागे रिसॉर्टमधले बाकीचे सगळे असत.